आधी तेल, मग पीठ, मग पाणी

शोभाताईची मुलगी सायली गेली दोन वर्षं पेणला माझ्याकडेच राहते. तिचं घर दोन गल्ल्या सोडून आहे, पण तिथे म्हणे अभ्यास होत नाही. माझ्याकडे अभ्यास किती होतो ते देव जाणे. माझ्या न्हाणीघरातल्या फळीवर मात्र तिच्या बाटल्यांनी बिऱ्हाड थाटलंय. एक तोंड धुवायची, एक धुतल्यावर लावायची, एक उन्हाची. परवा म्हणाली, "मावशी, अगदी सोपं आहे गं. सकाळी पाच मिनिटं. तू पण करत जा. तुमच्या वेळी तुम्ही काय लावायचात?" मी म्हटलं, "आम्ही शेतातली माणसं, आम्ही काय लावणार?" आणि शिवणाच्या मशीनला पाय लावला. खोटं बोलले. आमच्या घरात रोज सकाळी, न चुकता, चेहऱ्याची साग्रसंगीत सेवा व्हायची. फक्त तो चेहरा माझा नव्हता, शोभाताईचाही नव्हता. तो बाबांचा होता, आणि हात माझे होते.

खांब गावाच्या अलीकडे हायवेपासून जरा आत आमचं गाव. पावसाळ्यात भात, भात निघालं की त्याच ओलीवर वाल. एवढ्यावर घर चालत नव्हतं म्हणून बाबा रोह्याच्या बाहेर एका कंपनीत लागले होते. कंपनीचं नाव घेत नाही, घेऊन आता काय करायचंय. तिथे कापडाचे रंग बनायचे आणि बाबा पिवळ्याच्या खात्यात होते. भुकटी चाळायची, पिंपात भरायची. लाल खात्यातले लाल व्हायचे, निळ्यातले निळे, आणि बाबा पिवळे. हा रंग वरवरचा नव्हता. साबणाने अंग घासून झोपले तरी रात्रभर घामातून झिरपायचा आणि सकाळी उशी पिवळी. दारातल्या दोरीवर आमच्या उशांचे अभ्रे वाळत असायचे तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, या घरात रोज हळद चालू आहे. कंपनी कामगारांना दर महिन्याला गूळ द्यायची. भुकटी घशात बसली तर गुळाने उतरते म्हणे. तो गूळ आम्हीच चहात घालून प्यायचो, पोह्यांत घालून खायचो. लहानपणी मला वाटायचं, काय चांगली कंपनी आहे.

बाबांचा चेहरा स्वच्छ करायची रीत मला शिकवली शेजारच्या मलकाबाईंनी. आमच्या गावात इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांची पूर्वी सात-आठ घरं होती, माझ्या वेळी एकट्या मलकाबाई उरल्या होत्या. मुलगा कधीच तिकडे इस्रायलला गेला होता. त्यांच्या आजा-पणजाचा तेलाचा घाणा होता, शनिवारी तो बंद असायचा. घाणा मोडून जमाना झाला, पण तेलाबद्दल काही विचारायचं तर गाव अजून त्यांच्याच ओट्यावर जायचं. एकदा मी बाबांचा हात साबणाने खसाखसा घासत होते, ते बघून त्या कुंपणावरूनच ओरडल्या, "अगो, साल काढतंस काय बापाची? रंगाला पानी समजत नाय, तेल समजतं. आधी तेल, मग पीठ, मग पानी. साबनाचं नाव काढू नको." पीठ म्हणजे डाळीचं नव्हे. ते आमच्याकडे सणाला भज्यांपुरतं यायचं. आमच्याकडे घरचे कडवे वाल होते. वाल कडक वाळवून दळून आणायचे आणि आंबट ताकात कालवायचे. "लोक हळद घालतात," मी म्हटलं. मलकाबाई हसून हसून बेजार. "घाल, घाल. तुज्या बापाला तेवढीच कमी हाय."

सकाळी साडेपाचला आई चूल पेटवायची. परसात न्हाणीचा मोठा दगड होता, बाबा त्यावर उघड्या अंगाने बसायचे आणि हाक द्यायचे, "नलू, ये गो, खंडोबा घासायला घे!" जेजुरीला न जाता फुकटचा भंडारा मिळतो, असं ते सगळ्यांना सांगत. वाटीतलं खोबरेल मी तळव्यावर कोमट करायची. आधी कपाळ, मग नाकाच्या कडा, कानांच्या मागे, गळ्याच्या वळ्या. तेल बोटांखाली पिवळं होत जायचं. मग वालाचं पीठ, हलक्या हाताने, केसांच्या उलट. मग पाणचुलीवरचं गरम पाणी. दगडावरून ओघळणारं पहिलं पाणी केशरी, दुसरं पिवळं, तिसरं नुसतं गढूळ. तिसऱ्यावर थांबायचं, त्यापुढे काही निघत नसे. शेवटी पुन्हा तेलाचा पातळ हात, म्हणजे दिवसभराची भुकटी कातड्यात कमी मुरते. दहा मिनिटांत सगळं आटपायचं, कारण सव्वासहाला फाट्यावर कंपनीची बस येई. आतून आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, कोंबड्यांची कलकल, मलकाबाईंच्या बादलीची कडी. बाबा डोळे उघडे ठेवून बसायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत गप्पा मारायचे. खात्यातला कोण घोरतो, मुकादम कोणाला काय बोलला, परीक्षेला काय आलं होतं. दिवसात तेवढीच दहा मिनिटं बाबा पूर्ण माझे असत. मला त्यांची कातडी पाठ होती. डाव्या भुवईतला व्रण, कानाच्या पाळीवरचा तीळ, सगळं. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचा उपयोग आहे.

आणि मला त्यांची लाजही वाटायची. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर बापावर जीव टाकणारी गुणी मुलगी म्हणून माझा फोटो लागायचा. रोह्याला अकरावीत होते तेव्हा एकदा बाबा शिफ्ट सुटल्यावर मला न्यायला कॉलेजच्या दारात उभे राहिले. पांढरा सदरा, गळ्याशी पिवळा, काखेत पिवळा. मैत्रीण म्हणाली, "तो माणूस तुझ्याकडे बघतोय गं." मी म्हटलं, "आमच्या गावचा आहे." बाबांना ते ऐकू गेलं. बसमध्ये ते माझ्यापासून दोन बाकडी मागे बसले, खरंच गावचे असल्यासारखे. दुसऱ्या दिवशी सकाळी दगडावर नेहमीसारखेच गप्पा मारत होते. एक शब्द बोलले असते तरी मला बरं वाटलं असतं.

शोभाताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. दिसायला चांगली, कामाला वाघ, आणि तेवीस पूर्ण होऊन घरात. कोलाडचं एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं. मुलाच्या काकाने बाबांना उन्हात पाहिलं आणि निरोप पाठवला की घरात दुखणं आहे, आम्हाला जमणार नाही. लोकांना कोण समजावणार? पिवळा माणूस म्हणजे कावीळ, लहान पोरालाही कळतं. त्यानंतर ताई स्थळाचं नाव काढलं की उठून वालाच्या शेतात जायची. एका संध्याकाळी मी तिच्या मागे गेले. ती शेंगा तोडत नव्हती, नुसती बांधावर बसली होती. म्हणाली, "बाबा घरात नसतील तवा दाखवा मना. नायतर दाखवूच नका." मग तिलाच हुंदका आला. तिचा राग बाबांवर नव्हता. पण कोणावर धरायचा, तेही तिला ठाऊक नव्हतं.

दिवाळीनंतर पेणचं स्थळ आलं. मुलगा डोलवीला नव्या कारखान्याच्या कामावर कंत्राटात होता. त्याला आईवडील नव्हते, आत्याने वाढवलेला, म्हणजे आत्या म्हणेल ती पूर्व. आत्याबाई पेणच्या पोह्याच्या पापडांचं पुडकं घेऊन आल्या, ओटीवर बसल्या, ताईला दोन प्रश्न विचारले आणि नंतर बाबांकडे जे बघायला लागल्या ते बघतच राहिल्या. आईने वालाचं बिरडं केलं होतं, तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. बिरड्याचा वास घरभर आणि कोणी ताटाला हात लावत नाही. शेवटी आत्याबाई म्हणाल्या, "राग मानू नका, पर कावील असंल तर आताच सांगा. पोर मागाहून रडत बसंल नि मी पन."

आई रडायच्या बेतात आली. बाबा मात्र उठले, ओटीच्या कडेला उजेडात जाऊन बसले आणि म्हणाले, "या, आत्याबाय. बघा." दोन्ही बोटांनी त्यांनी खालच्या पापण्या ओढून धरल्या. "हा रंग कंपनीचा. रंग कातड्याला लागतो, डोल्याला नाय. कावील पयली डोल्यात उतरते. माज्या डोल्यात काय दिसतंय ते सगल्यांदेखत सांगा." आत्याबाईंनी पिशवीतून चष्मा काढला, पदराने पुसला, आणि बाबांच्या तोंडाशी तोंड नेऊन आधी एक डोळा पाहिला, मग दुसरा. बाजारात बैल बघतात तसं. मला तेव्हा त्या बाईचा गळा दाबावासा वाटला. "पांढरे हायेत," त्या म्हणाल्या. "दुधावानी." मग पाटावर येऊन बसल्या आणि बिरडं दोनदा मागून घेतलं. पुढच्याच आठवड्यात सुपारी फुटली. लग्न वैशाखात ठरलं. जाताना आत्याबाई आईच्या कानाशी म्हणाल्या, "डोलं बगितलं म्हनून मना पटलं. मांडवात पन्नास मानसं येतील, ती काय डोलं बगनार? तेवढं व्याह्याचं तोंड जरा मानसात आना."

म्हणून आमची सकाळची सेवा वाढली. दहाची वीस मिनिटं झाली. आईने वालाच्या पिठाला संत्र्याच्या सालीची जोड दिली. मैत्रिणीकडून ऐकून मी लिंबू आणलं, त्याने बाबांची कातडी चुरचुरायची. शेवटी पावडर. बाबांना पावडर लावताना मी आणि ताई हसून पडायचो आणि बाबा नवरीसारखी मान खाली घालायचे. ते दोन-तीन महिने आमच्या घरातले सगळ्यांत सुखाचे होते, असं मी म्हटलं तर ते खरंच आहे. ताई न्हाणीच्या दारात उभी राहून बघायची, "गालाला आणखी लाव गो." तिच्या आवाजात तेव्हा गाणं असायचं. माघात पोपटी लावली, मडक्यात वालाच्या शेंगा, वर भांबुर्डीचा पाला, भोवती जाळ. होणारे भावोजी मुद्दाम शिफ्ट बदलून आले, बाबांच्या शेजारी बसून खाल्लं. त्यांना पिवळ्याचं काही वाटत नसे. सगळी भानगड आत्याबाईंची होती.

मलकाबाई होळीच्या आधी इस्रायलला गेल्या. मुलाने बोलावून घेतलं. घर विकलं नाही, नुसतं कुलूप लावलं आणि तेलाची बुधली मला दिली. "बापाचं तोंड धुतंस तवा नुसते हात नको चालवू," त्या म्हणाल्या, "बगत जा." मला वाटलं, म्हातारी काहीतरी बोलायचं म्हणून बोलतेय. एवढ्या दूर जाणारं माणूस काहीतरी शहाणपणाचं बोलून जातंच. त्यांच्या ओट्यावर नंतर आमच्या कोंबड्या बसू लागल्या.

चैत्रातली एक सकाळ. लवकर उजाडत होतं, त्यामुळे परसातला दिवा लावायची गरज नव्हती. मी तेल लावलं, पीठ लावलं, पाणी ओतलं. बाबांनी तोंडावरचं पाणी हाताने निपटलं आणि डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांतलं पांढरं पांढरं नव्हतं. वाल भिजत घातलेलं पाणी दुसऱ्या दिवशी जसं दिसतं, तसा रंग होता. मला वाटलं, पिठाचं पाणी गेलं असेल. मी पुन्हा पाणी मारलं. त्यांनी पुन्हा डोळे उघडले. तोच रंग.

"बाबा," मी म्हटलं.

"काय गो?"

"तुमचे डोले."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. आतल्या दोन भाकऱ्या थापून झाल्या. त्यांनी विचारलं नाही, डोळ्यांना काय झालंय म्हणून. मला तेव्हाच कळलं की त्यांना माहीत आहे. कंपनीत कुठल्यातरी आरशात, कुठल्यातरी काचेत त्यांनी माझ्या आधी पाहिलं होतं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "तेल लाव. बस चुकंल." आणि डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवसापासून बाबा दगडावर बसतानाच डोळे मिटून बसायला लागले. गप्पा बंद. घोरणारा बंद, मुकादम बंद, माझी परीक्षा बंद. मी मिटलेल्या पापण्यांवरून तेलाचं बोट फिरवायची. एक-दोनदा तोंडाशी आलं. आईला सांगावं. पण आईने मुंडावळ्या आणून ठेवल्या होत्या, आणि ताई संध्याकाळी शेताऐवजी आरशापुढे बसायला लागली होती. आईला कळलं तर ती डॉक्टर बोलावणार, डॉक्टर आला की गाव बघणार, गावातून पेणला बातमी जायला एक एसटी पुरे. आणि आत्याबाईंनी तर डोळे बघूनच सुपारी फोडली होती. पुन्हा कोलाड झालं असतं. ताई त्यातून उठली नसती, असं मला वाटलं. अजूनही वाटतं, आणि मग दुसऱ्या क्षणी वाटतं की उठली असती. माणसं उठतात. मेलेली सोडून सगळी उठतात.

आईने का पाहिलं नाही, असं कोणी विचारेल. नऊ वर्षं पिवळ्या माणसाच्या शेजारी झोपलेल्या बाईला पिवळं दिसायचं थांबलेलं असतं. बाबांना बिरड्याचा वास नकोसा झाला, तेव्हा ती म्हणाली, उन्हाळा आहे. अंगाला खाज सुटली, तेव्हा म्हणाली, लिंबाने सुटली, लिंबू बंद कर. मी लिंबू बंद केलं. बाबा शिफ्टवरून येऊन अंगणात आडवे व्हायचे, तेव्हा ती शेजारणीला कौतुकाने सांगायची, पोरीच्या लग्नासाठी ओव्हरटाइम करतोय. दुसऱ्या कुठल्याही घरात, दुसऱ्या कुठल्याही माणसाला एवढं पिवळं होऊन तीन आठवडे हिंडता आलं नसतं. आमच्याच घरात ते जमलं.

मला बाबांचा राग आहे. एवढी वर्षं झाली, लोक म्हणतात बापावर कसला राग धरतेस. पण आहे. त्यांनी स्वतःचा जीव पणाला लावला तो त्यांचा प्रश्न, मोठा माणूस होता. पण मला साक्षीला बसवलं. सतरा वर्षांच्या पोरीला रोज सकाळी समोर बसवून, डोळे मिटून, तिच्याच हाताने वर पावडर लावून घेतली. एकदाही म्हणाले नाहीत की नलू, ही माझी जबाबदारी, तुझी नाही. हे एवढं एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो? बस चुकली असती फार तर.

हळदीच्या दिवशी मात्र मजा झाली. आमच्याकडची हळद म्हणजे लग्नाहून मोठी, बेंजो, नाच, अख्खं गाव अंगणात. नवरीला लावून उरलेली हळद एकमेकांना फासतात. थोड्या वेळाने सगळं अंगण पिवळं, आई पिवळी, बेंजोवाले पिवळे. बाबा त्यात उभे होते आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा चारचौघांसारखे दिसत होते. कोणीतरी ओरडलं, "आज कंपनीला सुट्टी, आज आम्ही सगले तुज्या खात्यात!" बाबा हसले. ताईने दोन्ही हातांनी त्यांच्या गालांना हळद लावली. त्यांचे डोळे उघडे होते, तिच्याकडे बघत होते, आणि तिला काही दिसलं नाही. तिच्याच काय, कोणाच्याच डोळ्याला काही दिसायची सोय नव्हती त्या दिवशी.

लग्नात बाबांनी काळा चष्मा घातला. कंपनीतल्या कोणाचा तरी मागून आणला होता. सगळ्यांनी चेष्टा केली, व्याही हिरो झाला म्हणून. आत्याबाईसुद्धा हसल्या आणि आईला म्हणाल्या, "तोंड झ्याक केलंत हो तुम्ही." आईने माझ्याकडे बोट केलं, "माजी नलू करते सगलं." पाठवणीच्या वेळी ताई बाबांच्या गळ्यात पडून रडली तेव्हा तिच्या साडीच्या खांद्याला पिवळा डाग पडला. बाबा दुपारपासून उभे होते आणि त्यांचे पाय थरथरत होते. मी मागून त्यांच्या सदऱ्याला धरून ठेवलं होतं.

मला वाटलं होतं, लग्न झालं की दुसऱ्या दिवशी ते स्वतःच दवाखान्यात जातील. तसं आमचं न बोलता ठरलं होतं, असं मी धरून चालले होते. ते गेले नाहीत. रजा संपली म्हणून शिफ्टला गेले. मी सकाळी दगडावर म्हटलं, "बाबा, आता तरी." ते डोळे न उघडता म्हणाले, "पाचपरतावन व्हवदे." पाचव्या दिवशी नवरी माहेरी येते, तोवर धीर धर, एवढंच. त्या दिवशी ताई आली, भावोजी आले, आत्याबाई आल्या. आई कोंबडी कापायला गेली आणि बाबा ओटीवरून उठता उठता खाली बसले ते उठलेच नाहीत. बोलणं जड झालं, भलतंच काहीतरी पुटपुटायला लागले. भावोजींनी हायवेवर एक टेम्पो थांबवला. आम्ही सगळे मागे बसलो, आत्याबाईसुद्धा. वाटभर ताईने बाबांचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, आमच्या भागात नवे. त्यांनी बाबांना पाहिलं आणि विचारलं, "हे पिवळे कधीपासून?" आई म्हणाली, "नऊ वरसं." डॉक्टर चिडले. त्यांना वाटलं, बाई थट्टा करते. भावोजींनी कंपनीचं समजावून सांगितलं. मग डॉक्टरांनी बाबांची पापणी वर केली, टॉर्च मारला आणि म्हणाले, "अंगाचं राहू दे. डोळे कधीपासून पिवळे आहेत? बरोबर सांगा, त्यावर पुढचं ठरतं." आईने आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. तिला खरंच माहीत नव्हतं. मग तिला आठवलं आणि तिने मला खांद्याला धरून पुढे केलं. "हिला इचारा. रोज सकाली त्याचं तोंड हीच धुते. हिच्याइतकं जवलून कोनीच नाय बगत."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या हातात पेन होतं. माझ्या मागे ताई उभी होती, हातात हिरवा चुडा, आणि तिच्या मागे आत्याबाई, चष्मा लावून. बाबा डोळे मिटून पडले होते. ते शुद्धीत होते की नव्हते, ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण त्यांच्या पापण्या दगडावर मिटलेल्या असायच्या तशाच मिटलेल्या होत्या. मी म्हटलं, "कालपासून."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

चौथ्या दिवशी बाबा गेले. तीन आठवडे म्हटलं असतं तर दुसरं औषध दिलं असतं का, बाबा वाचले असते का, हे मी कुठल्या डॉक्टरला कधी विचारलेलं नाही. विचारलं तर तो उत्तर देईल, या भीतीने. कंपनीकडून त्या महिन्याचा गूळ आला, पुडक्यावर बाबांचं नाव होतं, आणि आईने तो बाराव्याच्या स्वयंपाकात घातला. आत्याबाई शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, "मी सोता डोलं बगितलेवते, दुधावानी होते, अचानकच आलं बिचाऱ्याला." ताईचा संसार चांगला झाला. दोन मुलं, डोलवीला भावोजी पुढे पर्मनंट झाले. बाबांचा विषय निघाला की ती अजून म्हणते, "एका दिवसात कसं गो होतं असं?" आणि मी दरवेळी म्हणते, "होतं कधीकधी."

सायली हे लिखाण मोबाइलवर उतरवून देणार आहे, म्हणजे तिच्या आईपर्यंत ते पोचणारच. पोचू दे. मी रोज सकाळी नुसत्या पाण्याने तोंड धुते, आणि मग खिडकीशी जाऊन आरशात दोन्ही पापण्या खाली ओढून बघते. दुसरं काही लावत नाही. शोभाताई, कालपासून नव्हे गं. तेवीस दिवस. तेवीस सकाळी.